पाचवीला पुजलेले : रक्तातील खुणा, एचआयव्ही आणि पाटोदा

मूल जन्माला आल्यानंतर पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. त्या रात्री पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांनी पाळली आहे. या विधीने मराठी भाषेला एक वाक्प्रचारही दिला. दारिद्र्य, दुष्काळ, अपमान यांपैकी काहीही 'पाचवीला पुजलेले' असू शकते. सुख मात्र कुणाच्या पाचवीला पुजलेले असल्याचे आम्ही ऐकलेले नाही. वाक्प्रचार दुःखाचाच आहे, आणि त्या दुःखाचे कारण शोधू नये अशी मुभाही तो देतो.

एचआयव्हीच्या इतिहासात या वाक्प्रचाराची आठवण व्हावी असा एक प्रश्न आहे. एकाच सुमारास लागण झालेल्या, औषध न मिळालेल्या दोन व्यक्तींपैकी एक दोन-तीन वर्षांत खंगून जाते आणि दुसरी पंधरा-वीस वर्षे टिकते, हे का घडते? लोकांचे उत्तर 'ज्याचे त्याचे नशीब' असे होते. गेल्या तीन दशकांत विज्ञानाने याला वेगळे उत्तर दिले. माणसाच्या पेशींवर आईवडिलांकडून आलेल्या काही खुणा असतात आणि रोगाची गती काही अंशी त्यांवर ठरते, असे ते उत्तर. कपाळावरचा लेख पेशीवर उतरला, असे कुणाला वाटेल. प्रस्तुत लेखात आम्ही या उत्तराचा इतिहास मांडू इच्छितो, आणि तो बीड जिल्ह्यातील पाटोदा या तालुक्याच्या गावाच्या बाजूने पाहू इच्छितो. जनुकांची भाषा आणि नशिबाची भाषा एकमेकींत मिसळली की काय झाकले जाते, हे अशा गावातून अधिक स्पष्ट दिसते, असे आमचे मत आहे.

रक्तातील वारशाचा शोध महाराष्ट्राला नवा नाही. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका अपूर्व रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. ए, बी, ओ या परिचित गटांत न बसणारे हे रक्त जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखले जाऊ लागले. ओ गटाच्या रक्तातही 'एच' नावाचा एक मूळ घटक असतो, या गटात तोही नसतो. म्हणून अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही. मुंबई परिसरात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो, असे सांगितले जाते. आई आणि वडील या दोघांकडूनही तोच दुर्मीळ वारसा आला तरच हा गट प्रकट होतो, त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल ज्या प्रदेशात आहे तेथे ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेपुरती उरत नाही. केईएमच्याच आवारात पुढे रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था वाढली आणि तेथे पेशींवरील खुणांचाही अभ्यास झाला.

दुसरे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे आहे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण ज्यांना वाचतो त्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकण्यास गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते आणि पुढे ते नाझी राजवटीच्या बाजूने उभे राहिले. कवट्यांच्या मोजमापातून वंशांची प्रतवारी सिद्ध व्हावी ही अपेक्षा इरावतीबाईंच्या प्रबंधाने पुरी केली नाही, कारण मापे तसे सांगत नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पुढे आयुष्यभर काम केले, आणि १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली आणि एकाच पायरीवर मोजले जाणारे गटही शारीरिकदृष्ट्या एकमेकांपासून भिन्न असू शकतात, हे त्या अभ्यासातून दिसले. समाज ज्याला एक 'रक्त' म्हणतो ते मोजायला गेल्यास एक निघत नाही. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

आता पेशीवरील खुणांकडे वळू. १९५८ साली फ्रान्समधील ज्याँ दोसे यांना असे आढळले की माणसाच्या पांढऱ्या पेशींचेही गट असतात. त्यांतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला आज एचएलए म्हणतात, आणि या कामासाठी दोसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक दोन अन्य शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांजवळ असतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारांत एक असते. मूत्रपिंड वा अस्थिमज्जा देताना भावंडांची आधी तपासणी होते ती यामुळेच.

या खुणांचे खरे काम मात्र अवयव नाकारणे हे नाही. प्रत्येक पेशीत जी प्रथिने तयार होतात त्यांचे बारीक तुकडे एचएलएचे रेणू आपल्या खाचेत धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात. घरात काय शिजते आहे त्याचा घासभर नमुना जणू उंबऱ्यावर ठेवावा, तसे. शरीरात हिंडणाऱ्या मारक पेशी तो नमुना पारखतात आणि तो परका वाटला, तर त्या पेशीचा नाश करतात. विषाणू ज्या पेशीत लपलेला आहे ती अशी ओळखली जाते. माणसामाणसांत या खाचेचा आकार वेगळा असतो, म्हणून एकाच विषाणूचा कोणता तुकडा उंबऱ्यावर मांडला जाईल हेही वेगळे असते. मानवी जनुकांत याइतकी विविधता क्वचितच कोठे आढळते. भिन्न रोगांनी भिन्न काळी केलेल्या निवडीचा हा साठा आहे, असे मानले जाते.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. भारतात लागणीचा पहिला पुरावा १९८६ साली चेन्नईत मिळाला. डॉ. निर्मला सेल्लप्पन यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले होते आणि त्यांच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

औषधाविना लागणीपासून एड्सपर्यंतचा काळ सरासरीने दहा वर्षांच्या आसपास असल्याचे पाश्चात्त्य देशांतील पाहणीतून कळले होते. या सरासरीच्या दोन्ही टोकांना असलेली माणसे संशोधकांना अस्वस्थ करीत होती. शेकड्यात एकाहूनही कमी बाधितांचे शरीर औषधाशिवाय विषाणूला जवळजवळ न दिसण्याइतके दाबून धरते. १९९६ साली या कोड्याची दोन उत्तरे पुढे आली. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीसीआर-५ नावाचे एक दार लागते. ज्यांच्या जनुकातून या दाराचा ३२ अक्षरांचा तुकडा गळलेला आहे, आणि तो दोन्ही पालकांकडून तसाच आलेला आहे, त्यांना सहसा लागणच होत नाही. एकाच पालकाकडून आला असेल तर रोग सावकाश पुढे सरकतो. त्याच वर्षी एचएलए खुणांच्या विशिष्ट जुळण्या रोगाच्या गतीशी निगडित असल्याचेही दाखवले गेले. १९९९ मध्ये असे दिसले की दोन पालकांकडून भिन्न खुणा आलेल्यांचा रोग हळू पुढे जातो, सारख्या आलेल्यांचा वेगाने. आणि बी-३५ या खुणेच्या काही प्रकारांची सोबत घातक ठरते. २०१० मध्ये ९७४ 'नियंत्रक' आणि २,६४८ सामान्य रुग्ण यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली, तेव्हा ठळक फरक सहाव्या गुणसूत्रावरील याच प्रदेशात आणि प्रामुख्याने एचएलए-बीच्या त्या खाचेतील मोजक्या जागांवर सापडला.

बी-५७ आणि बी-२७ या खुणा उपकारक का ठरतात, याचे स्पष्टीकरण सुंदर आहे. विषाणूचे बाह्य आवरण सतत रूप बदलते, त्यामुळे तेथील तुकडा ओळखून फारसे साधत नाही. या दोन खुणा मात्र विषाणूच्या आतल्या सांगाड्याचे तुकडे उंबऱ्यावर मांडतात. सांगाडा बदलला तर मारक पेशींपासून सुटका होते, पण विषाणू स्वतः दुबळा होतो.

एवढ्यावर थांबलो तर सटवाईला नवे नाव मिळाले, इतकेच म्हणता येईल. पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही.

पहिली गोष्ट प्रमाणाची. युरोपीय वंशाच्या बाधितांवरील २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार माणसामाणसांतील विषाणूच्या मात्रेच्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा यजमानाच्या जनुकांनी समजावता येतो. उरलेला तीन चतुर्थांश विषाणूचा स्वभाव, वय, इतर संसर्ग आणि आज न उलगडलेल्या कारणांकडे जातो.

दुसरी गोष्ट, खुणेचा अर्थ स्थिर नसतो. जपानमध्ये बी-५१ ही खूण बऱ्याच लोकांत आहे आणि साथीच्या आरंभी ती उपकारक होती. इतक्या शरीरांत तीच खूण भेटत गेल्यावर विषाणूने तिच्यातून निसटणारे रूप घेतले, ते रूप समाजात पसरले, आणि खुणेचे संरक्षण ओसरले, असे २००९ साली दाखवले गेले. खूण तीच राहिली, अर्थ बदलला. चिन्ह आणि अर्थ यांच्या नात्यावर वर्गात बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल. बी-२७ हीच खूण पाठीचा कणा ताठरवणाऱ्या संधिविकाराशी निगडित आहे, हे १९७३ पासून ज्ञात आहे. बी-५७ च्या एका प्रकाराची कथा तर अधिकच बोलकी आहे. विषाणूशी झुंजताना उपयोगी पडणारी ही खूण ज्याच्या पेशींवर आहे त्याला अबाकाविर हे एचआयव्हीवरचेच औषध दिले तर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. २००२ मध्ये हा संबंध लक्षात आला आणि २००८ मध्ये हे सिद्ध झाले की आधी तपासणी केल्यास ती प्रतिक्रिया टाळता येते. चांगले रक्त आणि वाईट रक्त अशी विभागणी करू पाहणाऱ्याने या एका खुणेला कोणत्या रकान्यात घालावे?

तिसरी गोष्ट, आपण कोठे पाहतो यावर काय सापडते हे ठरते. सीसीआर-५ चा गळलेला तुकडा उत्तर युरोपात दहा टक्क्यांच्या आसपास जनुकांत आढळतो. भारतात तो जवळजवळ नाही. भारतात पसरलेला विषाणूही बहुतांशी 'सी' उपप्रकाराचा, अमेरिका आणि पश्चिम युरोपात ज्यावर आरंभीचे संशोधन झाले तो 'बी'. २०२३ साली आफ्रिकी वंशाच्या सुमारे चार हजार बाधितांच्या अभ्यासात पहिल्या गुणसूत्रावर एक नवी, उपकारक जागा सापडली. आधीच्या अभ्यासांत ती दिसली नव्हती, कारण त्या अभ्यासांत ही माणसे पुरेशा संख्येने नव्हती.

आता पाटोदा. बालाघाटच्या डोंगरात, पर्जन्यछायेत वसलेला हा तालुका. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि पाण्याचा उपयोग पुढच्या जिल्ह्यांना अधिक होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. फडाजवळच्या कोपीत संसार मांडायचा आणि पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परतायचे, असे वर्षाचे दोन भाग.

अशा तालुक्यातील बाधित व्यक्तीच्या रोगाची गती कशावर ठरली असेल? १ एप्रिल २००४ रोजी सरकारने एचआयव्हीवरील औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला, तो देशातील आठ केंद्रांत; महाराष्ट्रातले केंद्र मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मृत्यू थोपवता येतो हे जगाला १९९६ मध्येच, म्हणजे खुणांचा शोध लागला त्याच वर्षी, कळले होते. मधल्या आठ वर्षांत ज्याला औषधे विकत घेणे शक्य नव्हते त्याच्या बाबतीत रक्तातील खूण खरोखरच निर्णायक होती, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. जनुके तेव्हाच नशिबासारखी वागतात जेव्हा उपचार नसतो. आमच्या मते या सर्व इतिहासाचे हे मर्म आहे.

पुढे औषध जिल्ह्यापर्यंत आले. बीडला जिल्हा रुग्णालय आहे आणि मुकुंदराजांच्या समाधीमुळे आपल्याला परिचित असलेल्या अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय. २०१७ पासून प्रत्येक बाधिताला, प्रतिकारशक्ती ढासळण्याची वाट न पाहता, उपचार देण्याचे धोरण आहे. परंतु हे औषध रोज आणि न चुकता घ्यावे लागते. फडावर सहा महिने राहणाऱ्या माणसाचे नाव एका केंद्राच्या नोंदवहीत, मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात आणि मजुरी मुकादमाच्या हिशेबात असते. केंद्र गाठायचे तर त्या दिवसाचा खाडा पडतो आणि जोडीदाराचा कोयताही अडतो. गोळ्या खंडित झाल्या की विषाणू डोके वर काढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, क्षयासारखा आजार संधी साधतो. कोणत्याही बी-५७ ची मदत या खंडाची भरपाई करू शकत नाही.

स्त्रियांच्या संदर्भात तर वारशाचा विचार करण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले असते. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात १९९३ ते १९९६ दरम्यान गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. बहुतेक जणी विवाहित, पतीखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या होत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या, आणि हा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना धोका होता तो त्यांच्या लग्नाचा. पातिव्रत्याला संरक्षण मानणाऱ्या आपल्या साहित्यिक परंपरेने या आकड्याची दखल घ्यायला हवी होती, ती पुरेशी घेतली गेली नाही, असे आम्हाला वाटते.

मुलांचा वारसा आणखी गुंतागुंतीचा आहे. मूल आईकडून खुणांचा अर्धा संच घेते आणि लागण झाली तर विषाणूही आईकडूनच घेते. तो विषाणू आईच्या शरीरात त्या खुणांना चुकवायला शिकून आलेला असू शकतो. बी-२७ असलेल्या मातांच्या मुलांत असे निसटलेले रूप थेट उतरल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले; आईकडून आलेली ढाल आधीच भेदलेली होती. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'इन्फंट इंडिया' हे घर उभे केले. अशा मुलांना वेळेवर औषध, पोटभर अन्न आणि शाळेत जागा मिळाली की ती मोठी होतात. 'पाचवीला पुजलेले' या शब्दांना याहून ठोस उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

मग या खुणांचे संशोधन पाटोद्याला निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. विषाणूचा कोणता भाग बदलू शकत नाही हे नियंत्रकांच्या शरीरांनी शिकवले, आणि लसीचा शोध त्या ज्ञानावर उभा आहे. बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन यांना २००७ साली सीसीआर-५ चा तुकडा गळलेल्या दात्याची अस्थिमज्जा दिली गेली आणि एचआयव्हीतून पूर्णपणे मुक्त झालेले ते पहिले गृहस्थ ठरले. प्रत्येकाला असा दाता मिळणार नाही, पण मार्ग असू शकतो एवढे त्यातून कळले. मराठवाड्यातील माणसांच्या खुणा या ज्ञानात असाव्यात, अन्यथा औषधे आणि लसी दुसऱ्यांच्या मापाने बेतल्या जातील.

मात्र त्यासाठी रक्त देणाऱ्याचा मान राखला गेला पाहिजे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी वा संशोधन करता येत नाही, कुणाला आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही, नोकरी, शिक्षण आणि उपचार यांत भेदभाव करता येत नाही, असे तो सांगतो. जेथे सोयरीक जुळवताना अजूनही कूळ पाहिले जाते, तेथे 'चांगली खूण' आणि 'वाईट खूण' हे शब्द प्रयोगशाळेबाहेर पडून विवाहाच्या बैठकीत पोचायला वेळ लागणार नाही. इरावतीबाईंच्या मोजपट्टीने प्रतवारीला नकार दिला होता. नव्या मोजपट्ट्या हाती घेणाऱ्यांनी आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहिणाऱ्यांनी तो नकार विसरू नये. भाषेच्या अध्यापकांचे काम येथे लहान असले तरी नेमके आहे. जेथे संभाव्यता म्हणायला हवे तेथे विधिलिखित म्हटले जात असेल, तर शब्द दुरुस्त करायचा, आणि ऊसतोडीच्या हंगामात गोळ्या कुठून मिळणार हा प्रश्न पुन्हा विचारायचा.